फुलं सुकेपर्यंत

वेंगुर्ल्याच्या बंदरात तेव्हा बोट किनाऱ्याला लागत नसे. ती लांब समुद्रात उभी राहायची आणि माणसं पडावातून तिच्यापर्यंत जायची. पावसाळ्यात बंद पडलेल्या बोटी नुकत्याच सुरू झाल्या होत्या. बाबा मुंबईला लालबागच्या गिरणीत कामाला होते. त्यांना चाळीत स्वतंत्र खोली मिळाली आणि त्यांनी आम्हाला बोलावून घेतलं. आई पत्र्याची ट्रंक घेऊन पडावात चढली, मला कुणीतरी उचलून तिच्याशेजारी ठेवलं. आत्या गुडघाभर पाण्यात उभी होती. तिचं लुगडं भिजत होतं आणि तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

"थंय फुलां गावतली मां गे?" तिने आईला विचारलं. तिकडे फुलं मिळतील ना, एवढीच तिला काळजी.

"मुंबैत सगळा गावता म्हणतत," आई म्हणाली.

आत्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली. ती रडली नाही. मी मात्र बोटीवर चढेपर्यंत रडत होते. गावात राहिलेल्या तुम्हा भावंडांपैकी कितीजणांना ती आठवते कोण जाणे. बालविधवा होती, आमच्याच घरात राहायची, आणि वाडीतल्या एकूण एक मुलीचा वाढदिवस तिला पाठ असायचा. माझा चैत्रात. त्या दिवशी पहाटे ती काळोखातच सुरंगीच्या कळ्या काढायला जायची, कारण ऊन चढलं की कळ्या उमलतात आणि वास उडून जातो. केळीच्या सोपाच्या धाग्यात त्या दाट ओवून तिने ती वेणी केसांत माळली की एक नियम लागू व्हायचा. फुलं सुकेपर्यंत त्या मुलीला कुणी काम सांगायचं नाही. विहिरीवरून पाणी नाही, भांडी नाहीत, लहान भावंडाला कडेवर घेणं नाही. आम्ही मुली दिवसभर वेणीवर पाणी शिंपडत राहायचो, फुलं तेवढीच जास्त टिकावीत म्हणून. मोठी माणसं हे बघायची आणि न बघितल्यासारखं करायची.

मुलग्यांचं औक्षण व्हायचं, गोडधोड व्हायचं. मुलींना हा एक दिवस होता.

लालबागला आलो आणि पहिले काही महिने मला काही म्हणजे काही आवडलं नाही. तिसऱ्या मजल्यावर खोली, समोर लांब सामायिक गॅलरी, खाली रस्ता. भोंगा झाला की माणसांचे लोंढे. पाण्याला रांग, संडासाला रांग. माझं बोलणं ऐकून शाळेतल्या मुली हसायच्या. मी "माका" म्हटलं की मागून तीनचार जणी "माका, माका" करायच्या. महिनाभरात मी "मला" म्हणायला शिकले. घरात आईशी माका, दाराबाहेर मला.

शेजारच्या खोलीत नली होती. तिचे आईवडील साताऱ्याकडचे. वडील बाबांच्याच गिरणीत, आणि आई खानावळ चालवायची. ज्यांची बायकामुलं गावी होती असे कामगार पाळीप्रमाणे त्यांच्याकडे जेवायला यायचे. नली माझ्याहून लहान, आठाला टेकलेली, पण कामाने माझ्या दुप्पट. ताटं मांडायची, ताटं उचलायची, घासायची, पाणी भरायचं, परत ताटं मांडायची. आम्ही गेलो त्याच्या आधीच तिला टायफॉइड होऊन गेला होता आणि तिचे केस काढले होते. डोक्यावर बारीक कुरळी लव आली होती. पोरं तिला टकली म्हणायची. ती त्यांना त्याहून वाईट काहीतरी म्हणायची.

एकदा ताटं घासता घासता मी तिला आत्याच्या वेणीबद्दल सांगितलं. नियमाबद्दलही. तिचा हात थांबला.

"दिवसभर? एक ताट पण नाही?"

"फुलं सुकेपर्यंत."

"खोटं."

मी देवाची शपथ घेतली. तेव्हा ती राखेचे हात घेऊन तशीच उठली आणि आमच्या खोलीत जाऊन आईसमोर उभी राहिली. "सुशीची आई, माझा पण करा ना वाढदिवस."

वाढदिवस कधी ते तिला माहीत नव्हतं. तिच्या आईला विचारलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "संक्रांत झाल्यावर दोनतीन रोजांनी झाली बघा. तिळगूळ अजून डब्यात व्हता." आईने संक्रांतीनंतरचा तिसरा दिवस धरला.

पण वेणी माळायची कशात? डोक्यावर केसच नव्हते. आईने रात्रभर विचार केला असावा, कारण सकाळी तिने ट्रंकेतून निळ्या कापडाची एक चिंधी काढली, तिची घडी घालून तळहाताएवढा गोल बेतला आणि त्यावर फुलं बांधत गेली. मध्ये शेवंती, भोवती अबोली, कडेला मरवा, आणि खाली लोंबता गावाहून आणलेला सुक्या बकुळीचा सर. धागा म्हणून बाबांना गिरणीत हात पुसायला मिळणाऱ्या टाकाऊ सुतातलं उकललेलं सूत. मागे सेफ्टी पिन. ते तिने नलीच्या फ्रॉकवर खांद्याशी टोचलं.

नलीने मान तिरकी करून खांद्याकडे पाहिलं. मग तशाच तिरक्या मानेने ती सबंध मजल्यावर फिरून आली.

चळवळीचे दिवस होते. संयुक्त महाराष्ट्राचे कागदी बिल्ले शर्टाला लावून माणसं कामावर जायची. पोरांनी आईच्या त्या फुलाला फुलांचा बिल्ला म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं. नलीच्या आईने नियम ऐकला तेव्हा ती आधी हसली. "माझी खानावळ कोण चालवणार मग?" पण तिने तो पाळला. त्या दिवशी ताटं तिने स्वतः घासली, आणि नली दाराच्या उंबऱ्यावर पाय लांब करून बसून तिच्याकडे बघत होती. एवढा आश्चर्याचा चेहरा मी पुन्हा पाहिला नाही.

त्या वर्षात आमच्या मजल्यावरच्या सगळ्या मुलींचे वाढदिवस निघाले. ज्यांच्या आयांना तारखा आठवत नव्हत्या त्यांनी आठवून काढल्या. कुणाची पुराच्या वर्षी, कुणाची दसऱ्याच्या आदल्या दिवशी. दादरच्या बाजारातून फुलं यायची. आई बांधायची आणि आम्ही मुली भोवती बसायचो. चैत्रात माझाही झाला. सुरंगी मिळाली नाही, मोगऱ्यावर भागवलं, पण गावाच्या आठवणीने त्या दिवशी रडले नाही. मुंबईत मी पहिल्यांदा रडायचं विसरले असेन तर त्या दिवशी.

पुढची संक्रांत आली. आणि रेडिओवर बातमी आली की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, ती केंद्राच्या ताब्यात राहणार.

मला त्यातलं काही कळलं नव्हतं. एवढंच आठवतं की खालच्या मजल्यावरच्या रेडिओभोवती जमलेली माणसं बराच वेळ हललीच नाहीत. मग गिरण्या बंद झाल्या. रस्त्यावर दगड, जळणारे टायर, डोळ्यांना झोंबणारा धूर. संध्याकाळी कर्फ्यू. गोळीबाराचे आवाज आधी परळच्या बाजूने यायचे, मग जवळून. आयांनी पोरांना खोलीबाहेर पडू द्यायचं बंद केलं. गिरण्या बंद असल्यामुळे चाळीतले एकटे पुरुष दिवसभर घरातच, आणि नलीच्या आईच्या चुलीला विश्रांती नाही.

नलीचा नववा वाढदिवस त्यातच आला. फुलबाजार बंद होता. आईने गॅलरीतल्या डालड्याच्या डब्यांत लावलेली अबोली खुडली, संक्रांतीच्या पूजेतली उरलेली शेवंती घेतली आणि बिल्ला केला. "चार माणसं जास्त जेवायला आहेत, आज राहू दे," असं नलीचे वडील म्हणाले होते. नलीची आई म्हणाली, "न्हाई. ठरलंय ते ठरलंय. आज तिला हात लावू द्यायचा न्हाई."

दुपारी खालचा रस्ता शांत झाला. इतका वेळ शांत राहिला की लोकांनी दारं किलकिली केली. आत नलीची आई पंगतीचं वाढत होती. तिची ताटं मी उचलत होते, नलीच्या बदली, मजा म्हणून. नली गॅलरीत गेली. मला दारातून ती दिसत होती. केस आता कानापर्यंत आले होते. ती कठड्याला टेकून उभी होती, दोन्ही हात मोकळे, आणि उन्हात डोळे बारीक करून खाली बघत होती.

"सुशे, पाणी आण गं," ती म्हणाली. "फुलं सुकायला लागली."

मी तांब्या घेऊन वळले. आवाज आला. मला तो फार मोठाही वाटला नाही. मी दाराशी आले तर नली खाली बसलेली. मला वाटलं, हिचा बिल्ला पडला आणि ती तो उचलते आहे.

मी तिच्या खांद्यावर पाणी शिंपडलं. मी तिच्या फुलांवर पाणी शिंपडलं आणि मग मला दिसलं.

गोळी कुठून आली, कुणावर झाडली होती, हे कधीच कळलं नाही. रस्ता रिकामा होता. पंगतीतले पुरुष हातही न धुता उठले, त्यांनी तिला घोंगडीत घेतलं आणि एक जण धोतर फाडून पांढरं फडकं काठीला बांधून पुढे धावला. परळच्या इस्पितळापर्यंत त्यांना कुणी अडवलं नाही, पण त्याचा उपयोग नव्हता. नलीची आई त्यांच्यामागे अनवाणी गेली. तिच्या हातात वाढायचा डाव तसाच होता. संध्याकाळी ती परत आली तेव्हाही तो हातात होता.

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. चाळीत कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. भांडी आपटल्याचा आवाज झाला तरी माणसं दचकायची. मी जेवत होते, झोपत होते, शाळा सुरू झाल्यावर शाळेत जात होते, आणि मला काही वाटत नव्हतं. शेजारच्या खोलीतून नली हाक मारेल असं मात्र वाटायचं. तेव्हा मी ओ द्यायला तोंड उघडायचे.

काही पुढारी माणसं आली. हार घेऊन आली. त्यांनी नलीचा फोटो मागितला. फोटो नव्हता, कधी काढलाच नव्हता. त्यातला एक जण चांगल्या मनाने म्हणाला, "बाई, तुमची मुलगी महाराष्ट्रासाठी गेली."

नलीची आई त्याच्याकडे बघत राहिली. "नऊ वर्साची होती," ती म्हणाली. "तिला म्हाराष्ट्र काय ठावं? तिला चिंचा ठाव्या."

आईची गोष्ट वेगळी झाली. तिने फुलं सोडली. डालड्याच्या डब्यांतली अबोली उपटून टाकली, देवाला नुसती हळदकुंकवाची बोटं लावायला लागली. कोणा मुलीचा वाढदिवस आला तर ती त्या दिवशी दार लावून बसायची. मी एकदा बाबांशी बोलताना तिला ऐकलं.

"घरात असती. भांडी घाशीत असती. मियां तिका मोकळी केलंय."

ते खरंच होतं. बिल्ला नसता तर नली त्या वेळी आत असती. सगळ्या चाळीला ते माहीत होतं आणि कुणी ते उच्चारत नव्हतं. आई नलीच्या आईच्या समोर जायचं टाळायला लागली. नळावर ती असली की आई रिकामी कळशी घेऊन परतायची.

चैत्र आला. माझा वाढदिवस मी स्वतःच विसरायचं ठरवलं होतं. सकाळी दारावर थाप पडली. नलीची आई उभी होती. पदरात काहीतरी धरलं होतं. ती आत आली, खाली बसली आणि पदर मोकळा केला. मोगरा, अबोली, मरवा. दादरला जाऊन आणली होती.

"बांधा," ती म्हणाली.

आई भिंतीला लागून उभी राहिली. "माझ्याने होणार नाही."

"का?"

आई एकदम बोलली, आणि गावचं बोलली, समोरच्या बाईला कळतंय की नाही याचं भान तिला राहिलं नव्हतं. "माझ्या फुलांनी तिका भायर काढल्यानी. माझ्या ह्या हातांनी."

नलीच्या आईला कळलं होतं.

"मला वाटलंच व्हतं, तुम्ही असं काहीतरी मनात घेऊन बसलाय," ती म्हणाली. "ऐका. मी वाढत व्हते आन् एकदा वर बघितलं. ती कठड्याला टेकून उभी, हात मोकळे. माझ्या पोरीला उन्हात नुसतं उभं राहिलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. कायम वाकलेली बघितली. ताटावर वाकलेली, नळावर वाकलेली. तेवढं एक मला बघाय मिळालं. ते तुमच्यामुळं. आता दुसऱ्यांच्या पोरींचं बंद करू नका."

आई खाली बसली, तिने सूत हातात घेतलं. पण तिला गाठ मारता येईना. नलीच्या आईला फुलं कशी बांधायची ते माहीतच नव्हतं. तिचे हात भाकरीचे. तेव्हा आई सांगत गेली, कुठे वळसा घ्यायचा, कुठे ओढायचं, आणि ती बांधत गेली. दोनदा सगळं सुटलं. बिल्ला वेडावाकडाच झाला. तिने तो माझ्या खांद्याला लावला आणि म्हणाली, "जा, गॅलरीत जाऊन उभी राहा."

मी उंबऱ्याशीच थांबले. संक्रांतीपासून त्या मजल्यावरची एकही मुलगी कठड्याजवळ गेली नव्हती. आम्ही भिंतीला घासून चालायचो. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, उठली, माझा हात धरला आणि मला घेऊन बाहेर आली. तीच जागा. आम्ही दोघी उभ्या राहिलो. खाली ट्राम जात होती, भाजीवाला ओरडत होता. तिचा हात बर्फासारखा गार होता आणि तो एवढा घट्ट होता की माझी बोटं दुखायला लागली. मी हात सोडवला नाही. थोड्या वेळाने एकेक दार उघडलं आणि मुली बाहेर येऊन कठड्याला उभ्या राहिल्या. मग त्यांच्या आया.

त्या मे महिन्यात आम्ही गावी आलो. तुम्हाला सगळं कळलं होतंच. आत्याने मला जवळ घेतलं ते दोन दिवस सोडलं नाही. मग तिने आईबाबांना सांगून टाकलं की चेडू आता हयसरच ऱ्हवतला. मुंबईत पोरांवर गोळ्या घालतात, तिथे तिला नेऊ नका. बाबांना ते पटलं होतं. रात्री जेवताना आत्याने मला विचारलं, "ऱ्हवतलंस मां गे माझ्याकडे?"

मी म्हटलं, "माका घराक जावचा आसा."

"ह्या घर नाय तर काय आसा?" आत्या म्हणाली.

मलाच धक्का बसला होता. जिथून पळून जावं असं सुरुवातीला कितीतरी महिने वाटत होतं, जिथे मी ते पाहिलं, त्या जागेला माझ्या तोंडून घर म्हटलं गेलं होतं. आत्याच्या चेहऱ्यावर काहीतरी विझल्यासारखं झालं. ती उठून मागीलदारी गेली. मी तिच्यामागे गेले नाही.

चार वर्षांनी महाराष्ट्र झाला, मुंबईसकट झाला. लालबाग परळभर रोषणाई, ढोलताशे, गुलाल. आमच्या चाळीने तर दिवसभर धिंगाणा घातला. नलीच्या वडिलांना पोरांनी खांद्यावर घेतलं, ते हसले, आणि मग त्यांच्या खांद्यावरच रडायला लागले. संध्याकाळी काही माणसं नलीच्या आईला बोलवायला आली, स्टेजवर सत्कार करायचा म्हणून.

"तुम्ही जावा," ती म्हणाली. "मुंबई मिळाली ते लई चांगलं झालं. मी हितंच बरी."

माणसं गेल्यावर तिने दार लावून घेतलं. आत ती होती, आई होती आणि मी. बाहेर गुलाल उडत होता, दाराच्या फटीतून थोडा आत येत होता. मला आनंद झाला होता का, ते मला तेव्हा कळलं नाही. अजूनही नीट कळत नाही. मला एकदम मोठ्याने ओरडावंसंही वाटत होतं आणि कान घट्ट झाकून घ्यावेसेही वाटत होते. आई तांदूळ निवडायला बसली. नलीची आई भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. दोघींपैकी कुणी मला विचारलं नाही की बाहेर का जात नाहीस.

माझं लग्न झालं, मी शिवडीला आले, मुलं झाली, त्यांची मुलं झाली. गावी आले की तुम्ही हसत विचारता, मुंबईत काय ठेवलंय गे तुझं? मी हसून वेळ मारून नेत आले. आता विचारलंत तर हे सांगेन. गुलालाच्या त्या संध्याकाळी ते दार लावलेलं होतं आणि मी आतल्या बाजूला होते, त्या दोघींबरोबर.